कपाटातले कार्ड

आमच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या वरच्या कप्प्यात घरची सगळी कागदपत्रे असतात. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचे दाखले, विम्याची पॉलिसी, घरटॅक्सच्या पावत्या, शिवाय नात्यातल्या चार-पाच घरांचेही कागद. आम्ही पेशाने कारकून. कागद कसा लावायचा आणि कसा जपायचा, एवढी एक विद्या आम्हाला येते. म्हणून बहिणीने, चुलतभावाने आपापले कागद आमच्याकडे आणून ठेवले. त्याच कप्प्यात, सगळ्यात खालच्या फाईलच्याही खाली, एक छोटे कार्ड सात वर्षे पडून होते. ते तेथे आहे, हे आम्हा नवरा-बायकोलाच ठाऊक होते. त्या कार्डाची हकीकत समाजबांधवांपुढे मांडावी, असे बरेच दिवस मनात होते. सांगायची लाज वाटत होती, म्हणून उशीर झाला.

हकीकत सुरू होते आमच्या भाच्यापासून. आमची बहीण आर्णी तालुक्यातच, सावळी सदोब्याच्या बाजूला एका खेड्यात दिली आहे. तिचे थोरले लेकरू आठ-नऊ महिन्यांचे असताना त्याच्या हातापायांचे पंजे सुजले. लेकरू हात लावू देईना. डॉक्टर म्हणाले, वात आहे. पुढे दर पावसाळ्यात, दर दिवाळीच्या थंडीत पोराचे गुडघे, कंबर, छाती दुखायची. डोळे पिवळे व्हायचे. मग कोणी कावीळ म्हणायचे, कोणी अशक्तपणा म्हणायचे. सलाईन लावायची, इंजेक्शन टोचून घ्यायचे, मजुरीचे साठवलेले पैसे मोजायचे आणि घरी यायचे. महिनाभराने पुन्हा तेच.

बहिणीचे घर पक्के आंबेडकरी. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, दर पौर्णिमेला घरात वंदना. पण लेकरू तीन रात्री ओरडत राहिले तेव्हा त्याच घरात तिच्या सासूने कोणा जाणत्याकडून लिंबू उतरवून आणला. आम्हाला कळले तेव्हा आम्ही बहिणीला फार बोललो. बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "भाऊ, तुह्या डाक्टरनं तरी काय सांगतलं? दुखण्याचं नाव तरी सांगतलं काय?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. अंधश्रद्धेवर आम्ही विहारात पुष्कळ भाषणे दिली आहेत. पण दुखण्याला नाव नसलेल्या घरात देवऋषी कोणत्या दाराने शिरतो, ते त्या दिवशी आम्हाला समजले.

नाव मिळाले तेव्हा पोरगा नऊ वर्षांचा होता. शाळेत तपासणीचे पथक आले. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतले. त्या चाचणीत संशय आला म्हणून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पक्की तपासणी झाली. कागदावर दोन अक्षरे आली : एस एस. म्हणजे सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. निरोगी माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी गोल आणि मऊ असते, सुमारे 120 दिवस जगते. या आजारात पेशीतल्या हिमोग्लोबिनची घडणच वेगळी असते. ताप आला, थंडी लागली, अंगातले पाणी कमी झाले, फार श्रम झाले, की पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. बारीक रक्तवाहिनीत ती अडकते, पुढे रक्त जात नाही, आणि तेथे भयंकर कळा येतात. अशी पेशी दहा-वीस दिवसांतच मरते. म्हणून रक्त कमी पडते, म्हणून डोळे पिवळे होतात. वात नव्हे, साधी कावीळ नव्हे, आणि करणी तर नव्हेच.

हा आजार हात लावून, एका ताटात जेवून किंवा एका पेल्यातले पाणी पिऊन होत नाही. तो आईबापांकडून येतो. आम्ही कॉमर्सवाले, आम्हाला तो हिशेबाच्या भाषेत कळला. प्रत्येक लेकराला या खात्यात दोन हिस्से मिळतात, एक आईचा आणि एक बापाचा. एक हिस्सा चांगला आणि एक दोषाचा असेल, तर तो माणूस वाहक. कागदावर त्याला ए एस म्हणतात. वाहक हा रोगी नव्हे. तो शेतात राबतो, पोरेबाळे वाढवतो, आणि बहुधा त्याला जन्मभर काही होत नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की लेकराच्या वाट्याला दोन्ही हिस्से दोषाचे येतील. आणि हे प्रत्येक बाळंतपणाचे वेगळे खाते आहे. पहिल्याला झाला म्हणून पुढचे तिघे सुटले, असा जमाखर्च येथे चालत नाही.

बहीण ए एस, तिचा नवरा ए एस. दोघांना त्याआधी कधी डोके दुखण्यापलीकडे आजार नव्हता.

नाव कळल्यावर बरेच बदलले. फॉलिक ॲसिडची गोळी आणि हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सुरू झाली. लसी घेतल्या. भरपूर पाणी पाजायचे, थंडीत अंग झाकायचे, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे घरात सगळ्यांना पाठ झाले. गावची आशाताई दारावरून जाताना विचारायची, "गोळ्या हायेत ना? पाणी पेते का पोरगं?" शाळेतल्या मास्तरांनाही माहीत होते, म्हणून ते त्याला भर उन्हात पळायला लावत नसत. दुखण्याचे दिवस कमी झाले. अडचण यायची ती रात्रीची. अंगातले रक्त फार खाली गेले, तर आमच्या लोकांना रक्तासाठी सुमारे 40 किलोमीटरवरचे यवतमाळ गाठावे लागे. पावसाळ्यात नाल्याला पाणी असले, तर खेड्यातून आर्णीपर्यंत येतानाच जीव अर्धा व्हायचा. भाच्यासोबत यवतमाळच्या वॉर्डात किती रात्री काढल्या, त्याची गणती आम्ही ठेवली नाही. तरी तेथे पोराला काय झाले आहे, हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. विदर्भातल्या वॉर्डबॉयलाही सिकलसेल ठाऊक असतो.

भाचा आय.टी.आय. झाला. आर्णीत फिटरला काम कुठले? कपाशीच्या भरवशावर किती घरे चालणार? आपल्या तालुक्यातली शेकडो पोरे जातात तसा तोही पुण्याच्या बाजूला एका ठेकेदाराकडे लागला. एका खोलीत सहा जण, आठवड्याला बदलणारी पाळी. बहिणीच्या जिवाला घोर लागला होता. आम्हीच तिची समजूत काढली, "अगं, शहर आहे. तिथं पावलोपावली दवाखाने. इथल्यापेक्षा तिथं बरं."

डिसेंबरातल्या एका रात्री दोन वाजता आमचा फोन वाजला. भाच्याचा खोलीतला सोबती बोलत होता. पोराच्या छातीत आणि पाठीत कळा येत होत्या, दम लागत होता. सोबत्यांनी रिक्षात घालून जवळच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात नेले होते. चकाचक इमारत, काचेची दारे. आधी अनामत भरा म्हणाले. सोबत्यांनी वर्गणी करून ती भरली. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरने पाहिले तर अंगावर कुठे मार नाही, जखम नाही, आणि पोरगा तर गडाबडा लोळतो आहे. त्यातच पोराने कळ थांबवणाऱ्या इंजेक्शनचे नाव घेऊन ते मागितले. जन्मभर दुखणे भोगलेल्याला कोणते औषध लागू पडते ते ठाऊक असणारच. पण तेथल्या लोकांना वाटले, हा नशेबाज आहे. त्याला बाकावर बसवून ठेवले. तीन तास.

आम्ही विचारले, "अरे, त्याचं कार्ड दाखवा ना." सोबती म्हणाला, "कोणतं कार्ड?" भाच्याने कार्ड सोबत नेलेच नव्हते. कंपनीच्या मेडिकलमध्ये समजले तर कामावर घेणार नाहीत, ही त्याला भीती. त्याने आपले सगळे कागद आमच्याच कपाटात ठेवले होते आणि सहा महिने एका खोलीत राहणाऱ्या पोरांनाही काही सांगितले नव्हते.

आम्ही कपाट उघडले. कंदिलासारखा मिणमिणता बल्ब, हात थरथरत होते. त्याची फाईल ओढली तशी खालची फाईलही आली, आणि तिच्याखालचे ते छोटे कार्ड जमिनीवर पडले. ते उचलायलाही वेळ नव्हता. भाच्याचा रिपोर्ट फोनवरच डॉक्टरला वाचून दाखवला. सिकलसेल, एस एस, आधी रक्त दिल्याच्या तारखा, चालू औषधे. थोड्या वेळाने तेथे एक वडीलधारे डॉक्टर आले. त्यांनी प्रश्न विचारून घेतले आणि मग सूत्रे हलली. प्राणवायू लावला, कळ थांबवली, सकाळी रक्त चढवले. छातीत गेलेला सिकलसेल जिवावर बेततो, असे ते आम्हाला नंतर म्हणाले. आणखी दोन तास गेले असते, तर आमची बहीण त्या दिवशी निपुत्रिक झाली असती.

बांधवहो, त्या रात्रीपासून एक गोष्ट आमच्या मनात बसली आहे. आपल्या खेड्यात या आजाराची ओळख आहे, पण रक्त आणि मोठा डॉक्टर लांब आहे. शहरात सगळी यंत्रे आहेत, पण आजाराची ओळख प्रत्येक दारी असेलच असे नाही. आपली पोरे या दोन्हींच्या मध्ये ये-जा करतात. गावातली ओळख शहरापर्यंत न्यायची, तर ती आपल्याच खिशातून जाणार. आणि आपण तर ती कपाटात ठेवून जातो.

आता त्या दुसऱ्या कार्डाकडे येतो. भाच्याचा जीव वाचला असा फोन आल्यावर पहाटे आम्ही ते जमिनीवरून उचलले. ते आमच्या मुलीचे होते. अकरावीत असताना कॉलेजात तपासणी झाली तेव्हा मिळालेले. त्यावर ए एस लिहिले होते. मुलगी वाहक म्हणून आम्हा दोघांचीही तपासणी झाली होती, आणि वाहक निघालो होतो आम्ही स्वतः. त्या वेळी मुलीला आम्ही म्हटले, "काही नाही, तू ठणठणीत आहेस," आणि कार्ड ठेवून दिले. ते खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते.

त्या डिसेंबरात मुलीचे एक स्थळ जुळत आले होते. मुलगा नोकरीचा, घर चांगले, हुंडा नको म्हणणारे. दोन बैठका झाल्या होत्या. कार्डाबद्दल आम्ही चकार शब्द काढला नव्हता. पत्नीने एकदा विषय काढला, तेव्हा आम्हीच म्हटले होते, "वाहक म्हणजे रोगी थोडाच? कशाला उगाच पोरीच्या नशिबात काटा?" नशीब हा शब्द आम्ही वापरला. विहारात कार्यकारणभाव शिकवणाऱ्या आम्ही.

सकाळी मुलगी उठली. कार्ड टेबलावर होते. तिने ते पाहिले, वाचले, आणि एवढेच विचारले, "बाबा, कार्ड माझं होतं ना? मग तुम्ही काऊन लपवलं?"

त्याच आठवड्यात आम्ही आणि मुलगी त्यांच्या घरी गेलो. कार्ड समोर ठेवले. तुमच्या मुलाचीही तपासणी करून घ्या, अशी विनंती केली. मुलाचे वडील गप्प झाले. चहा झाला, पण बोलणे झाले नाही. परत येताना एस.टी.त आम्हाला वाटले, संपले. पंधरा दिवस काही निरोप नाही. सोळाव्या दिवशी ते स्वतः आमच्या दारात उभे राहिले. हातात मुलाचा रिपोर्ट. ए एस.

दोन वाहकांनी लग्न करूच नये, असा काही कायदा नाही. सल्ला घेता येतो, गरोदरपणात सुरुवातीलाच बाळाची तपासणी करण्याची सोय मोठ्या शहरांतल्या काही केंद्रांत आहे. मुलगा-मुलगी दोघे आरोग्य खात्याच्या समुपदेशकाला भेटले, आपसांत बोलले आणि दोघांनी मिळून नको ठरवले. तो त्यांचा निर्णय होता. जाताना मुलाचे वडील आमचा हात धरून म्हणाले, "भाऊ, तुमी सांगतलं नसतं तं आमाले कधी मालूमच पडलं नसतं." आमची मुलगी अजून लग्नाची आहे. स्थळ आले की ती पहिल्याच भेटीत स्वतः सांगते. दोन स्थळे त्यावर फिरकली नाहीत. आम्हाला त्याचे दुःख झाले. तिला झाले असेल तर तिने दाखवले नाही.

पुढच्या वर्षावासात, ग्रंथवाचन झाल्यावर, आम्ही विहारात उभे राहून हे सगळे सांगितले आणि आपल्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर रक्ततपासणीचा एक रकाना घालावा, असे सुचवले. एकदम गलका झाला. एक ज्येष्ठ बांधव तळमळून बोलले, "बाबासाहेबांनं आमाले जातीच्या नरकातून काढलं. तुमी आता रक्ताची नवी जात पाडता काय? उद्या लोक म्हणतील, यायचं रक्तच खराब."

त्यांचा राग आम्हाला समजला. ज्यांना पिढ्यान्पिढ्या विटाळ म्हणून दूर ठेवले, त्यांना रक्ताचा दोष हा शब्द ऐकवणार कसा? पण उत्तर देणे भाग होते. हा आजार आमच्या पूर्वाश्रमीच्या समाजात विदर्भात आढळतो तसा गोंड, परधान, भिल्ल, पावरा या आदिवासींत आढळतो, इतर जातींतही आढळतो. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठच्या देशांतही तो आहे. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी या विळ्यासारख्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात तो 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला. आणि 1954 साली अँथनी ॲलिसन यांनी दाखवून दिले, की वाहक माणसाला जिवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणजे जेथे हिवताप माणसे मारत होता, तेथे याच एका हिश्श्याने आपल्या पूर्वजांना जगवले. यात पाप कुठले आणि विटाळ कुठला?

आणखी एक गोष्ट सांगितली. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने ज्यांच्यावरून नाव घेतले, ते अमेरिकेतले ब्लॅक पँथर 1971 पासून आपल्या काळ्या बांधवांच्या वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी करीत होते. सरकार लक्ष देत नाही म्हणून त्यांनी स्वतः सुया हाती घेतल्या. 1972 साली तेथे त्यासाठी राष्ट्रीय कायदाही झाला. पण ज्येष्ठांची भीतीही खोटी नव्हती. त्याच अमेरिकेत काही ठिकाणी नुसत्या वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. म्हणून तपासणी हवी आणि तिच्याबरोबर वाहकाचा मान राखण्याची शिस्तही हवी. एक टाकून दुसरे घेता येत नाही.

सभा तरी गप्पच होती. तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी उपासिका उठली. नऊवारी लुगडे, काठी टेकत. म्हणाली, "माहे तीन लेकरं गेले. हातपाय सुजले, डोये पिवये झाले, अन् गेले. लोकायनं मले अवदसा म्हटलं. कायनं गेले थे मले आज समजलं. पोट्टेहो, रकाना टाका." ती बसली. त्यानंतर कोणी विरोधात बोलले नाही. रकाना ऐच्छिक ठेवला. पुढच्या मेळाव्यात थोड्यांनीच भरला. पण भरला.

तथागतांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूजवळ त्याचे सोबती फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले, त्याला स्वतः धुतले, अंथरुणावर निजवले आणि मग संघाला विचारले, की तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही, तर कोण करणार? आधी हात लावला, उपदेश नंतर केला. आमचा क्रम उलटा होता. बहिणीला आम्ही आधी उपदेश केला.

आज साधने पूर्वीपेक्षा जास्त आहेत, ती वापरली पाहिजेत. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्यामुळे रुग्णाला दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. एस.टी. प्रवासात सिकलसेल रुग्णाला सवलत आहे, आगारात चौकशी करावी. हे आपसूक मिळालेले नाही. नागपूरच्या संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 2018 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेत या आजारावर जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. त्याची किंमत 22 लाख डॉलर. ती आपल्या आवाक्याबाहेरची आहे. कॅप्सूल, लस, रक्ताची पिशवी आणि वेळेवर मिळालेला डॉक्टर हे मात्र आवाक्यात आहे, आणि ते तालुक्यापर्यंत आणा, असे आपण संघटितपणे मागितले पाहिजे.

तोवर आपल्या हातातले एवढे करू. लग्नाच्या आधी तपासणी करून घेऊ. कार्डावर ए एस असेल तर ते तोंडाने सांगू. पोरगा-पोरगी मुंबई, पुणे, सुरतला निघाली तर डब्यातल्या चटणीबरोबर रिपोर्टची प्रतही देऊ, आणि खोलीतल्या एका तरी सोबत्याला दुखण्याचे नाव सांगायला लावू.

भाचा पुन्हा कामावर गेला आहे. कार्डाला प्लॅस्टिक करून पाकिटात ठेवतो, बाबासाहेबांच्या फोटोच्या मागे. मेडिकलमध्ये कार्ड दाखवल्यावर एका ठेकेदाराने त्याला परत पाठवले. दुसऱ्याने दिवसपाळी दिली. आमच्या कपाटाचा वरचा कप्पा आता जरा रिकामा झाला आहे.

जयभीम!